स्वप्नसृष्टींतून परतलेला शिल्पकार

१९३५ सालच्या फेब्रुवारी महिन्यांत पॅरिस शहरांतील कलावंतांच्या एका मंडळानें आपल्याच एका सभासदाला दोषी ठरविलें. हा सभासद म्हणजे आल्बेर्तो जाकोमेत्ती हा ३३ वर्षांचा स्विस शिल्पकार. मंडळ होतें अतिवास्तववाद्यांचें आणि त्याचे पुढारी होते कवि आंद्रे ब्रेतों. अपराध असा कीं, जाकोमेत्तीनें समोर एक जिवंत माणूस बसवून त्याच्या डोक्याचा पुतळा घडविण्यास आरंभ केला होता. डोकें कसें असतें हें तर सर्वांसच ठाऊक आहे, मग तें घडवावयाचें कशाला, अशा अर्थाचे उद्गार ब्रेतों यांनीं त्या वेळीं काढले असें सांगतात. जाकोमेत्तीला मात्र डोकें कसें असतें हें ठाऊक नव्हतें. आणि तें शोधून काढण्यांत त्यानें आपल्या आयुष्याचीं उरलेलीं ३० वर्षें वेंचिलीं. त्या शोधांतून निर्माण झालेले ब्राँझचे पुतळे आज जगांतील मोठमोठ्या संग्रहालयांत उभे आहेत. परंतु ज्यानें ते घडविले त्याला स्वतःला त्यांपैकीं एकहि पुतळा पुरा साधला असें कधीं वाटलें नाहीं. हा विरोधाभास समजून घ्यावयाचा तर त्याच्या जीवनाकडे प्रथमपासून पाहिलें पाहिजे.

जाकोमेत्तीचा जन्म १० ऑक्टोबर १९०१ रोजीं स्वित्झर्लंडच्या आग्नेय भागांत, इटलीच्या सरहद्दीस लागून असलेल्या ब्रेगाल्या खोऱ्यांतील बोर्गोनोवो या खेड्यांत झाला. जवळच्याच स्ताम्पा गांवीं त्याचें बालपण गेलें. खोरें अरुंद, दोहों बाजूंस उंच कडे; भर हिवाळ्यांत कित्येक आठवडे सूर्याचें दर्शन म्हणून तळाशीं घडावयाचें नाहीं. लोकांची भाषा इटालियन. वडील जोव्हान्नी हे स्वतः नांवाजलेले चित्रकार होते, आणि आई आन्नेत्ता ही करारी व घराची सर्व सूत्रें हातीं ठेवणारी स्त्री होती. आल्बेर्तो हा थोरला मुलगा. त्याच्याहून वर्षभरानें धाकटा दिएगो, त्याच्या पाठची बहीण ऑत्तिलिया, आणि शेंडेफळ ब्रूनो, जो पुढें वास्तुशिल्पी झाला. या चौघांपैकीं दिएगोचें नांव ध्यानांत ठेवावयास हवें. कारण आल्बेर्तोच्या कलेची हकीकत ही बऱ्याच अंशीं या दोन भावांची हकीकत आहे. १९१४ सालीं, वयाच्या तेराव्या वर्षाच्या सुमारास, आल्बेर्तोनें पहिला पुतळा केला तो दिएगोच्या डोक्याचा. त्या वेळीं त्याला कसलीच अडचण भासली नाहीं. जें डोळ्यांना दिसे तें हात करी. ही सहजता पुढें त्याला पुन्हां लाभावयाची नव्हती.

पहिला अडथळा आला तो वडिलांच्याच चित्रशाळेंत, अठरा-एकोणीस वर्षांच्या वयांत. मेजावर ठेवलेलीं कांहीं पेअरचीं फळें पाहून तो रेखाटीत होता. परंतु कागदावर तीं फळें अगदीं लहान, इवलींशीं उतरत. खोडून पुन्हां काढावीं तरी तीच गत. वडील चिडून म्हणाले कीं, फळें जशीं आहेत तशीं, त्यांच्या खऱ्या आकाराचीं काढ. मुलानें निमूटपणें प्रयत्न केला, पण अर्ध्या तासानें पाहतों तों फळें पुन्हां तेवढींच लहान झालेलीं! वडील वस्तूचें जें माप मनाला माहीत असतें त्याविषयीं बोलत होते. मुलगा मात्र तेवढ्या अंतरावरून तीं फळें डोळ्यांना जेवढीं दिसत तेवढींच काढीत होता. माहीत असणें आणि दिसणें यांतील हें अंतर त्याचा पिच्छा आयुष्यभर सोडणार नव्हतें.

दुसरा प्रसंग १९२१ सालचा. इटलीच्या प्रवासांत ओळख झालेल्या एका वृद्ध डच गृहस्थाबरोबर तो आल्प्स पर्वतांत हिंडावयास गेला असतां तो गृहस्थ अकस्मात् आजारी पडला व एका खाणावळींत त्याच्या डोळ्यांदेखत मरण पावला. काल बोलतचालत असलेला मनुष्य पाहतां पाहतां एक निर्जीव वस्तु झाला. वीस वर्षांच्या त्या तरुणाच्या मनावर याचा एवढा आघात झाला कीं, त्या दिवसापासून दिवा जळत ठेवल्यावांचून त्याला झोंप येईना. जिवंत चेहरा आणि निर्जीव वस्तु यांत नेमकें काय वेगळें असतें, हा प्रश्न त्याच्या पुढील सर्व पुतळ्यांच्या मुळाशीं आहे.

१९२२ च्या जानेवारींत तो पॅरिसला आला व ग्रांद शोमिएर नांवाच्या कलाशाळेंत आंत्वान बूर्देल यांच्या हाताखालीं शिकूं लागला. बूर्देल हे सुप्रसिद्ध शिल्पकार रोदँ यांच्या तालमींत तयार झालेले. तेथें समोर बसलेल्या व्यक्तीवरून मातीकाम करावें लागे. आणि जाकोमेत्तीला दिवसेंदिवस तें अशक्य होऊं लागलें. नाक पाहावें तर चेहरा निसटे, चेहरा धरावा तर नाक हरवे. एका नाकपुडीपासून दुसरीपर्यंतचें अंतर त्याला वाळवंटाएवढें अफाट वाटूं लागलें. १९२५ च्या सुमारास त्यानें ही खटपट सोडून दिली आणि आठवणीवरून व कल्पनेनें काम करण्यास आरंभ केला. आफ्रिकेंतील दान लोकांच्या समारंभांतील लांकडी पळ्यांवरून सुचलेली, जिचें सारें उदर म्हणजे एक मोठा खोलगट चमचाच आहे, अशी 'चमचा-स्त्री' ही मूर्ति १९२६-२७ सालची. १९२६ च्याच अखेरीस त्यानें मोंपार्नासच्या बाजूस इपोलित मँद्रों रस्त्यावर ४६ क्रमांकाच्या जागेंत एक लहानशी खोली घेतली. सुमारें १६ फूट लांब व तितकीच रुंद, आंत पाण्याचा नळ नाहीं, भिंती कळकट. तात्पुरती म्हणून घेतलेली ही खोली त्यानें मरेपर्यंत सोडली नाहीं. दिएगोहि एव्हांना पॅरिसला आला होता. त्याला ठराविक असा उद्योग नव्हता. आईच्या आग्रहावरून तो भावाजवळ राहिला आणि हळूहळू त्याचा उजवा हात बनला.

त्या काळीं पॅरिसमध्यें अतिवास्तववादाची मोठी चलती होती. १९२४ सालीं ब्रेतों यांनीं आपला जाहीरनामा प्रसिद्ध करून असें प्रतिपादिलें होतें कीं, बुद्धीचा पहारा दूर सारला म्हणजे स्वप्नांत आणि अर्धजागृतींत मनाचा जो व्यापार चालतो तोच कलेचा खरा झरा होय. १९३० सालीं जाकोमेत्तीचें 'टांगलेला चेंडू' हें शिल्प मिरो आणि आर्प यांच्या कृतींबरोबर एका प्रदर्शनांत मांडलें गेलें. लोखंडी सळ्यांच्या पिंजऱ्यांत एक चेंडू दोरीनें टांगलेला, त्याला खालून एक खांच, आणि त्याखालीं चंद्रकोरीच्या आकाराची एक फांक. चेंडू कोरीवरून सरकल्यासारखा वाटतो, पण नीट स्पर्श असा कधींच होत नाहीं. पाहणाऱ्याच्या मनांत एक विलक्षण तळमळ उत्पन्न होते, तिचें कारण मात्र त्याला सांगतां येत नाहीं. ब्रेतों यांनीं तें शिल्प विकत घेतलें. साल्व्हादोर दाली यांनीं पुढल्या वर्षीं त्याच्या आधारानें अतिवास्तव वस्तूंविषयीं एक नवी मीमांसा लिहिली. आणि जाकोमेत्ती मंडळांत सामील झाला.

पुढील चार वर्षांत त्यानें जीं शिल्पें केलीं, त्यांवरून तो या संप्रदायाचा अव्वल शिल्पकार ठरला. 'पहाटे चारचा राजवाडा' (१९३२) हें लांकडाच्या काड्या, कांच, तार व दोरी यांचें एक नाजुक घरकुल न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयांत आहे. 'गळा चिरलेली स्त्री' हीहि त्याच वर्षाची. ब्राँझमध्यें ओतलेली ही आकृति बैठकीवाचून थेट जमिनीवर ठेवावयाची. विंचू, टोळ आणि मनुष्यदेह यांचें तें एक भयंकर मिश्रण आहे: कमान झालेला पाठीचा कणा, खांच पडलेली ताणलेली मान, पसरलेले पाय. एक हात तर असा जड आहे, जणूं दुःस्वप्नांत उचलूं म्हटला तरी उचलत नाहीं. पाहणाऱ्याला खालीं वांकून पाहावें लागतें आणि आपण एखाद्या गुन्ह्याच्या जागीं आलों आहों असें वाटतें. १९३४ मधील 'अदृश्य वस्तु' ही त्या मानानें शांत आहे. खुर्चीसारख्या चौकटीला टेकलेली एक कृश स्त्री दोन्ही हात पुढें करून कांहीं तरी धरून आहे. परंतु तिच्या ओंजळींत कांहींच नाहीं. तिचा चेहरा जमेना, तेव्हां ब्रेतों यांच्यासमवेत जुन्या बाजारांत सांपडलेल्या एका धातूच्या मुखवट्यानें ती अडचण दूर झाली, असें ब्रेतों यांनींच लिहून ठेविलें आहे.

आपलीं शिल्पें मनांत पूर्ण तयार होऊनच समोर येतात, आपण कांहीं न बदलतां तीं केवळ प्रत्यक्षांत उतरवितों, अशा अर्थाचें निवेदन जाकोमेत्तीनें १९३३ सालीं केलें होतें. कोणत्याहि कलावंताला हेवा वाटावा अशी ही स्थिति. नांव झालें होतें, कौतुक होत होतें, आणि उपजीविकेसाठीं दोघे भाऊ एका प्रसिद्ध गृहसजावटकारासाठीं दिवे व फुलदाण्या घडवीत होते. पण याच १९३३ च्या जूनमध्यें वडील वारले. आणि 'अदृश्य वस्तू'चा चेहरा करतांना जुना प्रश्न पुन्हां पुढें उभा राहिला: कल्पनेंतलीं हीं रूपें ठीक आहेत, पण समोरच्या माणसाचें डोकें काय आहे? त्यानें ठरविलें कीं, दोनएक आठवडे जिवंत व्यक्ति समोर बसवून अभ्यास करावा, म्हणजे पुन्हां आपल्या रचनांकडे वळतां येईल. सकाळीं दिएगो बसे, दुपारीं एक तरुणी. दोन आठवड्यांचा हा अभ्यास १९४० पर्यंत रोज चालला, आणि त्यांतून मनासारखें असें कांहींच निघालें नाहीं!

मंडळाशीं फाटलें तें याच काळांत. जाबजबाबांची वेळ आली तेव्हां त्यानें तडजोड केली नाहीं, तो निघून गेला. त्या संबंधाबरोबर मित्र गेले, प्रदर्शनें गेलीं, नांवाभोंवतीं जमलेलें वलयहि गेलें. येथें ब्रेतों यांना केवळ दुराग्रही म्हणून सोडून देणें अन्यायाचें होईल. स्वप्नाचें दार मोठ्या कष्टानें उघडल्यावर आपला उत्तम शिल्पकार पुन्हां शाळकरी अभ्यासाकडे वळतो, हें पाहून त्यांना तो विश्वासघात वाटला असल्यास नवल नाहीं. पण जाकोमेत्तीच्या दृष्टीनें परिस्थिति उलट होती. ज्या गोष्टी मनांत आयत्या तयार होतात त्या आतां त्याला पुरेशा वाटेनात. जी गोष्ट रोज डोळ्यांसमोर असून हातीं लागत नाहीं तीच त्याला अधिक गूढ, अधिक अद्भुत वाटूं लागली होती.

मग एक विचित्र संकट ओढवलें. १९३७ च्या सुमारास एका मध्यरात्रीं त्यानें आपल्या एका मैत्रिणीला सें-मिशेलच्या हमरस्त्यावर दूरवर उभी असलेली पाहिली. ती अगदीं लहान दिसत होती, आणि तिच्या मागें व वर काळोख्या इमारतींचा केवढा तरी पसारा होता. तें दृश्य त्याला शिल्पांत धरावयाचें होतें. पण आठवणीवरून मूर्ति घडवूं लागला कीं, ती हातांत बारीक होत जाई. मोठी म्हणून आरंभलेली मूर्ति वीतभर होई, मग बोटभर, मग पेराएवढी. आणि चाकूचा एक शेवटचा स्पर्श झाला कीं, तिची भुकटी होऊन जाई. वडिलांच्या चित्रशाळेंतलीं तीं पेअर जणूं पुन्हां अवतरलीं होतीं. १९३९ सालीं झुरिचच्या राष्ट्रीय प्रदर्शनासाठीं त्यानें एका मोठ्या बैठकीवर अशीच एक चिमुकली मूर्ति देऊं केली, तेव्हां चालकांना ती पसंत पडली नाहीं.

याच सुमारास दैवानेंहि त्याला सोडलें नाहीं. १९३७ सालीं बरोबर त्याच्या वाढदिवशीं बहीण ऑत्तिलिया बाळंतपणांत वारली, मूल वांचलें. १९३८ च्या ऑक्टोबरांत रात्रीं रस्त्यानें जात असतां एका मोटारीनें त्याच्या उजव्या पायाचा चुराडा केला. इस्पितळांत कांहीं काळ काढून तो बरा झाला, पण चालण्यांत जन्माचा दोष राहिला. पुढें ज्यानें जगाला चालणारा मनुष्य दाखविला, तो स्वतः लंगडत चालत असे. १९४१ च्या अखेरीस तो आईला भेटावयास जिनीव्हाला गेला आणि युद्धामुळें तेथेंच अडकून पडला. एका हॉटेलाच्या साध्या खोलींत प्लॅस्टरच्या धुरळ्यांत बसून त्यानें जवळ जवळ चार वर्षें मूर्ती घडविल्या व मोडल्या. पॅरिसमध्यें दिएगो त्याची खोली आणि तींतील कामें राखीत राहिला. १९४५ च्या सप्टेंबरांत आल्बेर्तो परतला, तेव्हां इतक्या वर्षांची त्याची कमाई कांहीं आगपेट्यांत मावत होती, अशी हकीकत प्रसिद्ध आहे.

युद्धानंतरच्या दिवसांत मोंपार्नासच्या एका चित्रपटगृहांतून बाहेर पडतांना, त्यानेंच पुढें सांगितल्याप्रमाणें, त्याला नेहमींचा रस्ता एकदम अनोळखी भासला. पडद्यावरचीं माणसें म्हणजे सपाट डागच होते. रस्त्यावरचीं माणसें मात्र अवकाशानें वेढलेलीं, प्रत्येक जण आपापल्या शांततेंत, असें कांहीं तरी अपूर्व दिसूं लागलें. त्यानें आतां मनाशीं निश्चय केला कीं, मूर्तीची उंची ठराविक मापाखालीं जाऊं द्यावयाची नाहीं. उंची राहिली, पण आतां रुंदी झडूं लागली! मूर्ती लांबल्या आणि काठीसारख्या बारीक झाल्या. ज्या कृश आकृतींनीं त्याचें नांव जगभर झालें, त्या अशा जन्मास आल्या. ती कांहीं ठरवून काढलेली शैली नव्हे. दूरवरून येणारा मनुष्य एकदम, सबंध, एका उभ्या रेघेसारखा दिसतो, त्याच्या अंगावरील मांसाचा भार आपणांस दिसत नसतो. तेवढें दिसणेंच ठेवावयाचें, बाकीचें काढून टाकावयाचें, या हट्टाचें तें फळ होय.

या कामांत ब्राँझ या धातूचा वांटा किती मोठा आहे, हें सहसा लक्षांत येत नाहीं. ब्राँझ म्हणजे मुख्यतः तांबें व कथील यांचा मिश्रधातु. मूर्ति आधीं मातींत किंवा प्लॅस्टरमध्यें घडते. आंत तारेचा सांगाडा असतो, आणि तो वांकवून उभा करण्याचें काम दिएगोचें. भाऊ रात्रभर माती चिमटीत, खरवडीत, चाकूनें कापीत बसे. मातीची मूर्ति ओली ठेवावी लागते. वाळली कीं तडकते. म्हणून दिएगो तिच्यावर साचा घेऊन प्लॅस्टरची प्रत काढी. ती प्रत ओतशाळेंत जाई. तेथें तिच्यावरून साचा बांधून त्यांत धातूचा तप्त रस ओतला जाई, आणि मूर्ति साच्यांतून निघाल्यावर तिचे सांधे घासून, ऊब व रसायनें यांच्या योगानें तिच्या अंगावर तपकिरी, हिरवट किंवा सोनेरी छटा आणावी लागे. हेंहि काम बहुधा दिएगोच करी. प्लॅस्टरच्या कृश पायांना धक्का लागला तर ते मोडत, धातूचे पाय टिकत. शिवाय मातीवरील बोटाचा प्रत्येक ठसा, प्रत्येक चिमटा व खरवड ब्राँझ जशीच्या तशी धरून ठेवतें. त्यामुळें सर्वांत कठीण पदार्थांत सर्वांत क्षणिक असा स्पर्श कायम झाला. आल्बेर्तोचा स्वभाव मोडण्याचा, आणि दिएगोचा उद्योग राखण्याचा. ब्राँझ हा जणूं त्या दोघांमधील करार होता.

१९४७ सालीं, न्यूयॉर्कमधील कलाविक्रेते पिएर मातिस यांनीं त्याच्या कृतींचें प्रदर्शन योजिलें. हे सुप्रसिद्ध चित्रकार आंरी मातिस यांचे चिरंजीव. ओतकामाला पैसा लागतो, तो आतां मिळूं लागला. 'बोट दाखविणारा मनुष्य' ही सुमारें सहा फुटांची मूर्ति आपण एका रात्रींत, मध्यरात्र ते सकाळीं नऊ या वेळांत, उरकली असें जाकोमेत्ती सांगे. ओतशाळेचीं माणसें सकाळीं न्यावयास येणार होतीं, आणि आधींची केलेली मूर्ति त्यानें मोडून टाकली होती. १९४८ च्या जानेवारींत प्रदर्शन उघडलें. त्याच्या पुस्तिकेसाठीं तत्त्वचिंतक झाँ-पोल सार्त्र यांनीं प्रबंध लिहिला, आणि तेरा-चवदा वर्षांचा अज्ञातवास संपला.

युद्धाच्या भीषण स्मृति ताज्या होत्या. त्यामुळें अनेकांना या झिजलेल्या आकृतींत छळछावण्यांतून सुटलेलीं माणसें, एकाकी व भयग्रस्त असें विसावें शतक दिसलें. तो अर्थ पाहणाऱ्यानें घेतला तर तो खोटा म्हणतां येणार नाहीं. परंतु जाकोमेत्ती स्वतः पुनः पुन्हां सांगे कीं, आपणांस एकाकीपणाचें चित्र काढावयाचें नाहीं, समोर दिसतें तें करावयाचें आहे. 'चौक' (१९४८) या शिल्पांत एका धातूच्या पाटावर चार पुरुष चालत आहेत व एक स्त्री स्थिर उभी आहे; कोणी कोणाकडे पाहत नाहीं. तें दुःखचित्र आहे काय? कोणत्याहि शहराच्या चौकांत सकाळीं उभें राहावें, म्हणजे हेंच दिसेल. 'रथ' (१९५०) या शिल्पांत दोन उंच चाकांवर एक स्त्री तोल सांवरून उभी आहे. त्याची कल्पना, तो म्हणे, १९३८ मध्यें इस्पितळांत पडला असतां औषधांची जी किणकिणणारी गाडी त्याच्या खाटेजवळून नेली जाई, तिच्यावरून सुचली. अपघाताची आठवण अशा रीतीनें एखाद्या देवतेच्या रथासारखी प्रसन्न होऊन परत आली.

१९५६ च्या व्हेनिस येथील प्रदर्शनासाठीं त्यानें ज्या स्त्रीमूर्ती केल्या, त्यांच्या जन्मकथेंत दोघां भावांचें सहकार्य सर्वांत स्पष्ट दिसतें. तारेचा सांगाडा एक आणि मातीहि तीच. आल्बेर्तो त्या एकाच मूर्तीवर दिवसामागून दिवस काम करी. एखादी अवस्था त्याला जरा बरी वाटली कीं, दिएगो लगेच तिची प्लॅस्टरची प्रत काढी, आणि आल्बेर्तो त्याच मातीवर पुढें चाले. अशा रीतीनें जी एकच मूर्ति होऊन मोडत गेली असती, तिच्या अनेक बहिणी झाल्या. त्यांपैकीं नऊ पुढें ब्राँझमध्यें उतरल्या व 'व्हेनिसच्या स्त्रिया' या नांवानें प्रसिद्ध झाल्या. त्या नऊजणींत शेवटची ती सर्वांत परिपूर्ण, असें मात्र नाहीं. जाकोमेत्तीच्या कलेंत पूर्णता हें मुक्कामाचें ठिकाण नव्हतेंच. रस्त्यांतील जागाच काय त्या आपल्या वांट्यास आल्या आहेत.

त्याच्या समोर बसणें ही एक तपश्चर्याच असे. पत्नी ॲनेट, जिच्याशीं जिनीव्हांत ओळख झाली आणि १९४९ सालीं विवाह झाला, ती वर्षानुवर्षें बसली. दिएगो तर जन्मभर बसला. इसाकू यानाईहारा हे जपानी प्राध्यापक मायदेशीं परतण्याचा बेत पुनः पुन्हां पुढें ढकलून बसले, आणि पुढेंहि कित्येक उन्हाळे केवळ त्यासाठीं पॅरिसला येत राहिले. हलावयाचें नाहीं, शिल्पकार मात्र कण्हत, स्वतःला दोष देत, काल केलेलें आज पुसून टाकी. ज्याला त्यानें शेंकडों वेळां पाहिलें तो दिएगो समोर बसला कीं, आपण त्याला मुळींच ओळखत नाहीं असें त्याला वाटे. ब्रेतों यांच्या त्या प्रश्नाला हें त्याचें उत्तर होतें. सख्ख्या भावाचें डोकेंहि ज्याला परकें व नवें दिसतें, त्याला अद्भुत शोधण्यासाठीं स्वप्नांत जाण्याची गरज राहत नाहीं.

१९५८ च्या सुमारास न्यूयॉर्कमधील एका प्रचंड बँकेच्या इमारतीपुढील चौकासाठीं शिल्पें करण्याची मागणी आली. तें शहर त्यानें तोंवर पाहिलें नव्हतें. एक चालणारा पुरुष, एक उंच उभी स्त्री व एक भव्य मस्तक अशी योजना त्यानें केली; मूर्ती घडल्या, मोडल्या, पुन्हां घडल्या; आणि शेवटीं समाधान न झाल्यामुळें त्यानें तें काम सोडून दिलें. त्या सोडलेल्या कामांतूनच १९६० सालचा 'चालणारा मनुष्य' आपणांस लाभला. सहा फुटांचा हा पुरुष पुढें किंचित् झुकून मोठी ढांग टाकीत आहे. पाउलें जड, जणूं जमिनीनें धरून ठेवलेलीं. वर देह काठीसारखा आणि मस्तक लहान. चेहऱ्यावर हर्ष नाहीं, विषादहि नाहीं. तो कोठून आला, कोठें चालला, कांहीं कळत नाहीं. एवढें मात्र दिसतें कीं, तो थांबणार नाहीं.

कीर्ति आतां भरभरून आली. १९६२ सालीं व्हेनिस येथें शिल्पकलेचें सर्वोच्च पारितोषिक मिळालें. १९६५ मध्यें लंडन व न्यूयॉर्क येथें मोठीं प्रदर्शनें झालीं. तरी तो त्याच कळकट खोलींत, त्याच मळलेल्या कोटांत, पहाटेपर्यंत काम करीत राहिला. त्याच्या मृत्यूनंतर बाजारानें जीं मोलें लाविलीं तीं ऐकून तो बहुधा हंसला असता. 'चालणाऱ्या मनुष्या'ची एक प्रत २०१० सालीं लंडनच्या लिलांवांत साडेसहा कोटि पौंडांस गेली. आणि ओतशाळेच्या माणसांसाठीं एका रात्रींत उरकलेल्या 'बोट दाखविणाऱ्या मनुष्या'ची एक प्रत २०१५ सालीं न्यूयॉर्कमध्यें १४ कोटि १० लाखांहून अधिक डॉलरांस विकली गेली. स्वित्झर्लंडनें १९९८ सालीं काढलेल्या शंभर फ्रँकच्या नोटेवर त्याचा चेहरा व त्याचा चालणारा मनुष्य छापला होता.

१९६३ सालीं पोटांतील कर्करोगासाठीं त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली होती. १९६४ च्या आरंभीं आई वारली. १९६५ च्या अखेरीस प्रकृति ढांसळून तो कूर येथील इस्पितळांत दाखल झाला आणि ११ जानेवारी १९६६ रोजीं तेथेंच त्याचा अंत झाला. बोर्गोनोवोच्या स्मशानभूमींत, आईवडिलांच्या सान्निध्यांत, त्याला पुरण्यांत आलें.

पॅरिसच्या खोलींत त्याचें शेवटचें काम तसेंच उभें होतें. एली लोतार या छायाचित्रकाराचा तो अर्धपुतळा. माती ओली राहावी म्हणून ओल्या फडक्यांनीं गुंडाळलेला. जानेवारीची थंडी कडाक्याची होती, आणि खोलींत शेगडी पेटवावयास कोणी नव्हतें. फडक्यांतील पाणी गोठलें तर आंतील माती फुटावयाची. दिएगोला हें ठाऊक होतें. तो पॅरिसला गेला, खोली उघडून त्यानें शेगडी पेटविली, आणि गोठलेलीं फडकीं हळूहळू सैल होईपर्यंत तेथें बसून राहिला. मग एकेक फडकें सोडविलें. पुतळा शाबूत होता. त्यानें नेहमींप्रमाणें त्याचा साचा घेतला व पुढें तो ब्राँझमध्यें ओतविला. त्याची एक प्रत त्यानें भावाच्या कबरीवर नेऊन ठेविली, आणि शेजारीं स्वतः घडविलेला ब्राँझचा एक लहानसा पक्षी ठेविला.